पहिला ऑडिओ प्रकल्प कसा निवडावा: नवख्यांसाठी सोपी आणि सुरक्षित सर्किट्स

घरी स्वतःच्या हाताने एखादे ऑडिओ उपकरण बांधावे असे ज्याच्या मनात येते, त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा जाडजूड ट्रान्सफॉर्मरचा, खोली दणाणून सोडणारा ॲम्प्लिफायर असतो. आणि पहिल्या प्रयत्नासाठी नेमकी तीच निवड सर्वांत वाईट ठरते. माझीही ती तशीच ठरली होती. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर क्षणात जळाले, ते का जळाले हे शोधण्याइतके माझ्यापाशी ना ज्ञान होते ना साधने, आणि ती पेटी पुढे दोन वर्षे माळ्यावर धूळ खात पडली. तेव्हापासून कोणी विचारले तर मी एकच कसोटी सांगतो: उपकरण किती छान वाजेल हा प्रश्न थोडा मागे ठेवावा आणि आधी विचारावे, की यात माझ्या हातून चूक झाली तर काय होईल, आणि ती चूक मला साध्या मल्टीमीटरने (व्होल्ट, करंट आणि रोध मोजणाऱ्या मीटरने) सापडेल का.

चूक होणार हे गृहीत धरूनच निवड करायची असते. कपॅसिटर उलटा लागतो, आयसी (अनेक भाग एकत्र असलेली चिप) उलट्या दिशेने बसतो, शेजारच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा थेंब अडकतो, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या फळीवर) तार एक भोक सोडून पुढे जाते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटमध्ये यांपैकी काहीही झाले, तरी फार तर एखादा सुटा भाग तापतो आणि बदलावा लागतो. घरातल्या विजेवर थेट चालणाऱ्या सर्किटमध्ये तीच चूक जिवावर बेतू शकते.

पहिली पायरी: वीज कोठून येते ते पाहावे

कोणत्याही सर्किटची आकृती हाती आली की प्रथम तिच्या वीजपुरवठ्याकडे पाहावे. ऑडिओच्या छंदात हा मुद्दा इतर इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, कारण येथे माणूस उपकरणाला अक्षरशः जोडलेला असतो: हेडफोन डोक्यावर असतो, मायक्रोफोन ओठांपाशी असतो आणि इलेक्ट्रिक गिटारच्या तारा सर्किटच्या ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या सामाईक बिंदूला, जोडलेल्या असून त्या बोटांखाली असतात. पुरवठ्यात दोष असेल तर तो दोष थेट शरीरापर्यंत पोहोचतो.

नवख्याने पहिले दोनतीन प्रकल्प ९ व्होल्टच्या आयताकृती बॅटरीवर किंवा चार अथवा सहा साध्या पेन्सिल सेलवरच करावेत. ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा अंतर्गत रोध बराच असल्यामुळे शॉर्ट झाला तरी ती फार मोठा करंट देऊ शकत नाही, आणि ही तिची मर्यादाच शिकणाऱ्याच्या उपयोगी पडते. लिथियम-आयन सेलचे याच्या अगदी उलट आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सुटे सेल काही जण मोठ्या हौसेने वापरतात, पण असा सेल शॉर्ट झाल्यास कित्येक अँपिअर करंट वाहतो, तारेचे आवरण वितळते आणि सेल पेट घेऊ शकतो. संरक्षक सर्किट नसलेला सुटा लिथियम सेल पहिल्या प्रकल्पात वापरूच नये. लहान मुले असलेल्या घरात बटणाएवढे सेलही उघड्यावर ठेवू नयेत, कारण ते गिळले गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

बॅटरीनंतरचा पर्याय म्हणजे मान्यताप्राप्त कंपनीचा तयार, बंद अॅडॅप्टर. त्याच्या आत घरातल्या विजेपासून विलगीकरण केलेले असते आणि आपल्या टेबलावर केवळ ५, ९ किंवा १२ व्होल्ट येतात. अॅडॅप्टर उघडू नये, आणि ज्यावर उत्पादकाचे नाव वा सुरक्षेची खूण नाही असा फुटकळ अॅडॅप्टर हेडफोनच्या उपकरणाला तर मुळीच लावू नये.

काही आकृत्यांमध्ये ट्रान्सफॉर्मर न वापरता एका कपॅसिटरमधून आणि एका रेझिस्टरमधून थेट घरातली वीज उतरवलेली दिसते. आकृती सुटसुटीत दिसते, भाग कमी लागतात, म्हणून नवख्याला ती आकर्षक वाटते. मात्र अशा सर्किटमधला प्रत्येक बिंदू घरातल्या विजेशी जोडलेला असतो आणि त्याच्या ग्राउंडला हात लावणे म्हणजे उघड्या तारेला हात लावणे होय. ऑडिओच्या कामासाठी असा पुरवठा कधीच चालत नाही. व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांचे) ॲम्प्लिफायरही याच कारणाने पुढे ढकलावेत. त्यांच्यात साधारण २५० ते ४०० व्होल्टचा एकदिश (डीसी) दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तो बराच वेळ साठून राहू शकतो, त्यामुळे बंद असलेले उपकरणही झटका देते. त्यांचा आवाज कानाला गोड लागतो हे मला मान्य आहे. पण ती गोडी तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी राखून ठेवावी.

दुसरी पायरी: आकृतीची पारख करावी

वीजपुरवठा पसंत पडला की आकृती शांतपणे वाचावी. ज्या प्रकल्पाबरोबर केवळ जोडणीची छायाचित्रे दिली आहेत आणि सर्किटची आकृती नाही, तो बाजूला ठेवावा, कारण छायाचित्र पाहून जोडलेले सर्किट बिघडले की त्याचा तर्क आपल्याजवळ नसतो. आकृतीबरोबर भागांची पूर्ण यादी असावी, कपॅसिटरची दिशा दाखवलेली असावी, आणि महत्त्वाच्या बिंदूंवर किती व्होल्ट अपेक्षित आहेत हे लिहिलेले असेल तर त्या लेखकाने सर्किट स्वतः बांधून पाहिले आहे असे समजायला हरकत नाही. आयसीच्या उत्पादकाने डेटाशीटमध्ये (तांत्रिक माहितीपत्रकात) छापलेले नमुना सर्किट हा सर्वांत भरवशाचा आधार असतो. एखादी आकृती त्यापासून फार वेगळी दिसली, तर त्या वेगळेपणाचे कारण दिलेले आहे का, ते पाहावे.

भागांची संख्या ३० च्या आत असावी, पुरवठा एकच असावा (धन आणि ऋण असे दोन पुरवठे नंतर शिकावेत), आणि सर्किट चालू करण्यासाठी कोणतीही बारीक जुळवणी करावी लागू नये. ज्याची जुळवणी ऑसिलोस्कोपशिवाय (लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राशिवाय) होत नाही ते सर्किट कितीही सोपे दिसले, तरी ते नवख्याचे नव्हे. आयसी दोन रांगांत लांब पाय असलेल्या जुन्या धाटणीचा घ्यावा, म्हणजे तो ब्रेडबोर्डवर बसतो आणि सॉकेटमधून काढताही येतो. पृष्ठभागावर चिकटवायचे चिमुकले भाग पहिल्या हाताला झेपत नाहीत. दुर्मीळ किंवा उत्पादन बंद झालेला आयसी लागत असेल तर तो प्रकल्प सोडून द्यावा, कारण अशा आयसींच्या नावाखाली नकली माल बराच फिरतो, आणि चूक आपली की आयसीची, हे ठरवणे अनुभवी माणसालाही जड जाते.

माझी आणखी एक खूणगाठ आहे: आयसीच्या पुरवठ्याच्या पायाजवळ ग्राउंडकडे जाणारा एक कपॅसिटर आकृतीत दाखवला आहे का, हे मी आधी पाहतो. तो नसेल तर लेखकाने घाई केली आहे असे खुशाल समजावे.

तिसरी पायरी: आपल्या गरजेचा प्रकल्प निवडावा

सर्वांत निर्धोक सुरुवात म्हणजे ज्याला वीजच लागत नाही असे उपकरण. दोन स्रोतांतून एक निवडणारी स्विचची पेटी, हेडफोनचा आवाज कमी करणारी पेटी, किंवा स्टिरिओचे दोन्ही चॅनेल एकत्र करून एकाच स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला देणारी जोडणी, ही कामे दोनचार भागांत होतात आणि कायमची उपयोगी पडतात. चॅनेल एकत्र करताना डावी आणि उजवी तार सरळ एकमेकींना जोडू नये, कारण मग एका चॅनेलचे आउटपुट दुसऱ्याला ढकलू लागते. प्रत्येक तारेत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून त्यांची पुढची टोके जोडावीत. या कामात सोल्डरिंगचा हात बसतो, जॅकचे कोणते पान कोठे जाते ते कळते, आणि १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल, म्हणजे फिरवायचा बदलता रेझिस्टर किंवा पॉट, लॉग प्रकारचा का घ्यायचा हेही कानाने समजते: साध्या लिनिअर पॉटमध्ये खुंटी थोडीशी फिरवताच आवाज एकदम चढतो आणि पुढचा बहुतेक फेरा वाया जातो.

त्यानंतर बहुतेकांनी एलएम ३८६ या आयसीचा छोटा ॲम्प्लिफायर करावा असे मला वाटते, आणि त्याचे बारकावे पुढे सविस्तर दिले आहेत. ज्याला आवाज निर्माण करण्यात रस आहे त्याने ५५५ या टायमर आयसीचा स्वरजनक करावा. १९७२ मध्ये बाजारात आलेला हा आयसी आजही सहज मिळतो. १ किलोओहम, १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड असे भाग लावले की सूत्राप्रमाणे १.४४ भागिले २१,००० ओहम (पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा गुणाकार, म्हणजे सुमारे ६८५ हर्ट्झचा स्वर निघतो, आणि १० किलोओहमच्या जागी पॉट लावला की तो वरखाली करता येतो. हा चौकोनी लहरींचा स्वर फार टोचरा असतो. तो हेडफोनवर ऐकू नये.

गिटार वाजवणाऱ्यांसाठी दोन ट्रान्झिस्टरचे फझ पेडल हा ९ व्होल्टवरचा चांगला प्रकल्प आहे. त्यात विकृत आवाज हवाच असतो, त्यामुळे थोडी चूक झाली तरी बांधणाऱ्याचा हिरमोड होत नाही. पिझो चकतीचा (कंपनांतून व्होल्ट निर्माण करणाऱ्या पातळ चकतीचा) संपर्क मायक्रोफोनही गमतीचा आहे, मात्र त्यात एक खुबी लक्षात ठेवावी लागते. चकती विजेच्या दृष्टीने लहानशा कपॅसिटरसारखी, साधारण २० नॅनोफॅरडची, असते. ती १० किलोओहमच्या इनपुटला जोडली तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचा आवाज गळून पडतो आणि वाद्य पत्र्याचे असल्यासारखे वाजते. १ मेगाओहमच्या इनपुटला जोडली तर तीच सीमा ८ हर्ट्झवर जाते. म्हणून चकतीच्या पाठीमागे एका फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरचा बफर, म्हणजे चकतीवर भार न टाकता आवाज पुढे देणारा टप्पा, लावतात. "पिझोचा आवाज वाईटच असतो" असे सांगणाऱ्या पुष्कळांनी तो चुकीच्या इनपुटला जोडलेला असतो. चकतीवर जोराने टकटक केल्यास तिच्यातून कित्येक व्होल्टचा झटका निघतो, हेही बफर जोडताना ध्यानात ठेवावे.

बॅटरीशिवाय चालणारा क्रिस्टल रेडिओ पूर्वी नवख्यांचा पहिला प्रकल्प असे. त्यात भिण्यासारखे काही नाही, परंतु त्याला लांब एरियल लागते, उच्च रोधाचा खास इअरफोन लागतो, आणि मध्यम लहरींचे प्रबळ केंद्र जवळपास नसेल तर काहीच ऐकू येत नाही. अनेक देशांत ही केंद्रे बंद होत चालली आहेत. सर्किट बरोबर असूनही शांतता पदरी पडणे नवख्याला परवडत नाही. एरियल घराबाहेर टांगायचेच असेल तर ते विजेच्या तारांपासून दूर ठेवावे आणि वादळात काढून ठेवावे.

ज्याला सोल्डरिंगपेक्षा पेटी, स्पीकर आणि मांडणी यांत अधिक रस आहे त्याने तयार डी-वर्गाच्या (वेगाने चालू-बंद होत काम करणाऱ्या) ॲम्प्लिफायरचे मॉड्यूल घ्यावे. पीएएम ८४०३ या आयसीचे मॉड्यूल ५ व्होल्टवर चालते आणि ४ ओहमच्या दोन स्पीकरना प्रत्येकी ३ वॉटपर्यंत शक्ती देते. येथे दोन चुका नेहमी होतात. ५ व्होल्टऐवजी ९ व्होल्टची बॅटरी जोडली की आयसी तत्काळ निकामी होतो. दुसरी चूक स्पीकरच्या तारांची: यात स्पीकरची दोन्ही टोके ॲम्प्लिफायर चालवत असतो, ऋण टोक ग्राउंडला जोडलेले नसते. म्हणून दोन्ही स्पीकरची ऋण टोके एकत्र करून एक तार वाचवायची जुनी सवय येथे महागात पडते, आणि अशा मॉड्यूलला सामाईक ग्राउंड असलेला हेडफोनचा जॅकही लावता येत नाही.

चौथी पायरी: एलएम ३८६ चा ॲम्प्लिफायर जवळून पाहू

या आयसीला आठ पाय असतात. खाच वर धरून पाहिले असता डाव्या रांगेत वरून खाली १ ते ४ आणि उजव्या रांगेत खालून वर ५ ते ८ असे क्रमांक येतात. ४ हा ग्राउंड, ६ हा धन पुरवठा, ५ हे आउटपुट, २ आणि ३ ही इनपुटे. नेहमी मिळणारे प्रकार ४ ते १२ व्होल्टवर चालतात आणि ९ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे अर्धा वॉट देतात, जे ऐकायला आकड्यावरून वाटते त्यापेक्षा पुष्कळ असते. १ आणि ८ हे पाय मोकळे ठेवल्यास आयसी इनपुट २० पट वाढवतो. त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास २०० पट. बहुतेक आकृत्यांमध्ये तो कपॅसिटर दाखवलेला असतो आणि बहुतेक नवखे तो लावून बसतात. मोबाइल किंवा संगणकाच्या हेडफोन जॅकमधून येणारा आवाज मुळातच मोठा असतो, त्याला २० पटही जास्त होतात. २०० पट केल्यास केवळ खरखर आणि शिट्ट्या वाढतात. तो कपॅसिटर इलेक्ट्रेट मायक्रोफोनसारख्या दुबळ्या स्रोतासाठी राखून ठेवावा.

इनपुटला १० किलोओहमचा लॉग पॉट, त्याची मधली टांग ३ क्रमांकाच्या पायाला, २ क्रमांकाचा पाय ग्राउंडला. आउटपुटपासून ग्राउंडकडे १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागोमाग; ही जोडी "नसली तरी चालते" असे म्हणून गाळू नये, कारण ती नसल्यास आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च वारंवारतेवर आपोआप आंदोलने करू लागतो आणि विनाकारण तापतो. मग आउटपुटपासून स्पीकरकडे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक आयसीकडे. ५ क्रमांकाच्या पायावर कायम पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट, असतात. मधला कपॅसिटर नसेल तर ८ ओहमच्या स्पीकरमधून अर्ध्या अँपिअरहून अधिक एकदिश करंट वाहू पाहतो, कागदी शंकू एका बाजूला ताणून बसतो आणि बॅटरी बघता बघता उतरते. २२० मायक्रोफॅरडमुळे सुमारे ९० हर्ट्झखालचा आवाज कमी होतो. लहान स्पीकर तेवढ्या खाली जातही नाही, परंतु मोठा स्पीकर असेल तर ४७० मायक्रोफॅरड लावावा.

हे सर्व आधी ब्रेडबोर्डवर करावे. तारा आखूड ठेवाव्यात आणि ६ व ४ या पायांच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एक आणि २२० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर पुरवठ्यावर लावावा. बॅटरीच्या धन तारेत १एन ५८१९ हा डायोड घातल्यास बॅटरी उलटी लागली तरी आयसी वाचतो. बॅटरीच्या टोप्या लावताना क्षणभर उलट स्पर्श होणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे, की मी तो डायोड कधीही गाळत नाही.

पहिल्यांदा वीज देताना स्पीकर जोडू नये, त्याच्या जागी १ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. मल्टीमीटर करंटवर ठेवून बॅटरीच्या तारेत घ्यावा. इनपुट शांत असताना साधारण ४ ते ८ मिलिॲम्पिअर दिसले पाहिजेत. ३० च्या वर आकडा गेला तर लगेच बॅटरी काढावी आणि आयसीची खाच, कपॅसिटरच्या दिशा व शेजारच्या पायांमधला शॉर्ट तपासावा. करंट ठीक असेल तर मल्टीमीटरची तांबडी पिन व्होल्टच्या भोकात परत आणावी. ती करंटच्या भोकात विसरून व्होल्ट मोजायला गेल्यास मीटर स्वतःच शॉर्ट होतो आणि त्याचा फ्यूज उडतो, हे जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा तरी घडते. मग ५ क्रमांकाच्या पायावर पुरवठ्याचा निम्मा दाब आहे का, आणि आउटपुट कपॅसिटरच्या पलीकडे, १ किलोओहमवर, काही क्षणांत शून्य येते का ते पाहावे. दोन्ही आकडे बरोबर आले की स्पीकर जोडावा आणि इनपुटच्या तारेला बोट लावावे. घरातल्या विजेची घरघर ऐकू आली म्हणजे सर्किट जिवंत आहे. दुरुस्ती करणाऱ्यांची ही जुनी युक्ती केवळ बॅटरीवरच्या सर्किटपुरती आहे.

आता बिघाडांविषयी, कारण ते येतातच. आवाज वाढवला की मोटारबोटीसारखी फटफट सुरू होते, ही पहिली तक्रार असते. जोराच्या ठोक्याला बॅटरीचा दाब किंचित खाली येतो, ती घसरण आयसीच्या आत पुन्हा इनपुटसारखी शिरते आणि चक्र सुरू होते. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने तिच्यावर हे अधिक होते. पुरवठ्यावरचा कपॅसिटर मोठा करावा, ७ क्रमांकाच्या पायापासून ग्राउंडकडे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि ताजी बॅटरी घ्यावी. पॉटच्या धातूच्या दांड्याला बोट लावल्यावर घरघर कमी होत असेल तर पॉटची पत्र्याची टोपी ग्राउंडला जोडायची राहिली आहे. एखादे रेडिओ केंद्र मंद आवाजात ऐकू आले तर घाबरू नये. लांब, आवरण नसलेली इनपुटची तार एरियलचे काम करत असते, ती आखूड आणि शिल्डेड करावी.

ब्रेडबोर्डवर सर्व सुरळीत चालल्यानंतरच ते २.५४ मिलिमीटर अंतराच्या भोकांच्या पट्टीवर उतरवावे. कथिल आणि शिसे यांचे ६३-३७ प्रमाणातले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि नवख्या हाताला सोपे जाते. शिसेविरहित सोल्डरला साधारण २१७ ते २२० अंश लागतात आणि त्याचा जोड दिसायला निस्तेज असतो. आयर्नने भागाचा पाय आणि पट्टी दोन्ही तापवून मग सोल्डर लावावे, नुसते आयर्नच्या टोकावर वितळवून थापू नये, नाहीतर ड्राय सोल्डर होते आणि उपकरण हलवले की आवाज येतो-जातो. धूर तोंडावर घेऊ नये, खिडकी उघडी ठेवावी, पाय छाटताना चष्मा लावावा, आणि शिशाचे सोल्डर हाताळल्यावर खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. आयसी थेट न लावता सॉकेट लावावे. पेटी बंद करण्याआधी शांत अवस्थेतला करंट आणि ५ क्रमांकाच्या पायावरचा दाब एका चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आत चिकटवावी. दोन वर्षांनी उपकरण गप्प झाले, तर शोध त्या दोन आकड्यांपासून सुरू करता येतो.

हेडफोनचे उपकरण करायचे असल्यास

हेडफोनच्या छोट्या ॲम्प्लिफायरचे एक लोकप्रिय सर्किट ९ व्होल्टची एक बॅटरी, दोन ऑप-ॲम्प (आयसीतले तयार ॲम्प्लिफायर) असलेला एक आयसी आणि मूठभर भाग यांत होते. त्यात बॅटरीचे दोन समान रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर यांनी दोन भाग करून मधल्या बिंदूला कृत्रिम ग्राउंड म्हणतात. हा बिंदू बॅटरीच्या ऋण टोकापेक्षा साडेचार व्होल्ट वर असतो, ही गोष्ट विसरली की गोंधळ होतो: तेच उपकरण बॅटरीऐवजी अॅडॅप्टरवर चालवले आणि गाणी देणारे यंत्रही त्याच अॅडॅप्टरवर असले, तर जॅकच्या आवरणातून तो मधला बिंदू ऋण टोकाला शॉर्ट होतो. म्हणून हे उपकरण बॅटरीवरच ठेवावे. जुन्या आकृत्यांमध्ये ११ पट वाढ ठेवलेली असते. आजच्या संवेदनशील इअरफोनसाठी ती फार होते. दोनतीन पट पुरे.

हेडफोन लावण्यापूर्वी आउटपुटवर, इनपुट शांत असताना, मिलिव्होल्टमध्ये एकदिश दाब मोजावा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ५० च्या वर असेल तर हेडफोन जोडू नये आणि चूक शोधावी. त्यानंतरही पहिली चाचणी स्वस्त, जुन्या हेडफोनवर घ्यावी, आणि वीज चालू करताना तो कानावर नसावा, कारण चालू-बंद करताना बहुतेक साध्या सर्किटमध्ये धप्प असा ठोका बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर पातळी सरासरी ८० डेसिबलपर्यंत असावी, आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. तयार यंत्रात आवाजाला वरची मर्यादा घातलेली असू शकते, आपण बांधलेल्या पेटीला ती आपणच घालायची असते. त्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाढ कमी ठेवणे आणि पॉट पूर्ण चढवूनही आवाज सुसह्य राहील असा रेझिस्टर त्याच्या आधी घालणे.

पुढचा प्रकल्प

दुसरा प्रकल्प निवडताना पहिल्यापेक्षा एकच नवी गोष्ट त्यात असावी. एलएम ३८६ जमला असेल तर त्याच्यापुढे इलेक्ट्रेट मायक्रोफोनचा प्रीॲम्प्लिफायर बांधावा. कॅप्सूलच्या आत स्वतःचा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला काही किलोओहमच्या रेझिस्टरमधून थोडा पुरवठा द्यावा लागतो, एवढे एकच नवे कलम त्यात आहे. मायक्रोफोन आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवल्यास कर्कश शिट्टी येईल. तो बिघाड नसतो. त्यानंतर १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालणारा काही वॉटचा ॲम्प्लिफायर करावा, ज्यात हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) कसा बसवायचा आणि जाड तारांचे ग्राउंड एका बिंदूवर का आणायचे हे शिकता येते. तेथे प्रथमच मोठा करंट हाताशी असतो, म्हणून पुरवठ्याच्या तारेत फ्यूज घालावा आणि अंगठी व धातूचे घड्याळ काढून काम करावे.

ज्यात घरातली वीज पेटीच्या आत येते असा ॲम्प्लिफायर शेवटी येतो, आणि तो पहिल्यांदा असे काम केलेल्या माणसाच्या शेजारी बसूनच करावा. धातूच्या पेटीला अर्थची जोडणी, इनपुटवर योग्य फ्यूज, प्रत्येक उघड्या टोकावर आवरण आणि मोजमाप करताना एक हात पाठीमागे, या गोष्टी वाचून कळतात; पण पेटी पहिल्यांदा प्लगला लावण्यापूर्वी त्या खरोखर झाल्या आहेत का, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनी एकदा तपासून घ्यावे. असा कोणी जवळ नसेल तर वीज बाहेरच्या अॅडॅप्टरमधूनच घेत राहावे.